पहिल्या पेशीचं आवरण कसं बनलं असेल ते बाटलीत करून बघायची पद्धत

जीवसृष्टीच्या उगमाचा विषय निघाला की लगेच डीएनए-आरएनए सुरू होतं, पण ते सगळे रेणू एका जागी धरून ठेवणारं आवरण कुठून आलं यावर फार कमी बोललं जातं. मला हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो, कारण यातलं बरंचसं कॉलेजच्या साध्या केमिस्ट्री लॅबमध्ये स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतं, आणि एकदा बघितलं की आवरण बनवायला आधी जिवंत पेशी लागते ही समजूत कायमची जाते. म्हणून खाली पूर्ण पद्धत देतोय, आणि प्रत्येक पायरीला जुन्या पृथ्वीशी तिचा काय संबंध तेही सांगतोय. घाईत असाल तर पाण्यातल्या क्षारांचा भाग आधी वाचा, खरी गंमत तिथे आहे.

आधी साधा हिशोब. पृथ्वी साधारण 454 कोटी वर्षांची, आणि ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागात सूक्ष्मजीवांच्या थरांच्या खुणा सापडतात त्या जवळपास 350 कोटी वर्षांपूर्वीच्या, म्हणजे पहिलं आवरण त्या मधल्या काळात कधीतरी बनलं. आजच्या पेशीचं आवरण मुख्यतः फॉस्फोलिपिडचं असतं, त्याला दोन लांब शेपट्या आणि एक पाणी आवडणारं डोकं. हा रेणू बनवायला एन्झाइम्स लागतात, एन्झाइम्स बनवायला पेशी लागते, म्हणजे सुरुवात इथून झाली असं धरता येत नाही. शिवाय फॉस्फोलिपिडचं आवरण फार घट्ट असतं, प्रोटीनची चॅनेल्स नसतील तर बाहेरचं खाद्य आत येतच नाही. पहिल्या पेशीकडे अशी प्रोटीन्स कुठून असणार? म्हणून या क्षेत्रातले बहुतेक लोक एका शेपटीच्या साध्या रेणूंपासून सुरुवात करतात, म्हणजे फॅटी ॲसिड आणि त्याच लांबीची अल्कोहोल.

हे रेणू जीवाशिवाय मिळतात का, तर मिळतात. 28 सप्टेंबर 1969 ला ऑस्ट्रेलियात मर्चिसन इथे उल्का पडली, तिचे 100 किलोपेक्षा जास्त तुकडे गोळा झाले, आणि त्यात इतर शेकडो सेंद्रिय रेणूंबरोबर छोट्या साखळीची फॅटी ॲसिड्सही सापडली. डेव्हिड डीमर यांनी या उल्केतला सेंद्रिय अर्क काढून पाण्यात टाकला तर त्यातल्या काही भागापासून आपोआप आवरणाचे फुगे बनले, हे काम 1985 साली छापून आलं. दुसरा रस्ता पृथ्वीवरचाच. 1999 मध्ये मॅककॉलम आणि सहकाऱ्यांनी फॉर्मिक किंवा ऑक्झॅलिक ॲसिडचं द्रावण स्टीलच्या बंद भांड्यात 175 अंशांना तापवलं आणि त्यातून 2 पासून 35 च्याही वर कार्बन असलेल्या साखळ्यांची ॲसिड्स आणि अल्कोहोल मिळाली. दोन्हीकडे एक गोष्ट लक्षात ठेवा, मिळालं ते मिश्रण मिळालं, एकच एक शुद्ध रेणू कुठेच नाही. हे पुढे फार कामाला येणार आहे.

साहित्य

डेकॅनोइक ॲसिड लागेल, बाटलीवर कधी कॅप्रिक ॲसिड असंही लिहिलेलं असतं. 10 कार्बनची साखळी, पांढरं मेणचट, 31-32 अंशांना वितळतं आणि वास उग्र येतो, त्यामुळे खिडकी उघडी ठेवा. ओलेइक ॲसिडनेही होतं, ते फार कमी प्रमाणातही फुगे देतं, पण त्यात दुहेरी बंध आहे आणि हवेत ते खराब होतं, शिवाय 18 कार्बनची साखळी जुन्या पृथ्वीवर मुबलक असेल असं मला वाटत नाही. सुरुवात डेकॅनोइकनेच करा.

बाकी 1 मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, 1 मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिड, डिस्टिल्ड पाणी, मॅग्नेटिक स्टरर आणि तापवायची सोय, नीट कॅलिब्रेट केलेला पीएच मीटर, आणि फेज कॉन्ट्रास्ट असलेला मायक्रोस्कोप. फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप असेल तर सोन्याहून पिवळं, मग रोडामिन 6जी हा रंग अगदी कणभर लागेल. चष्मा आणि हातमोजे घालायचेच, सोडियम हायड्रॉक्साइड डोळ्यात गेलं तर कायमचं नुकसान होतं. नळाचं पाणी अजिबात वापरू नका, कारण पुढे कळेल.

मुख्य पद्धत

100 मिलीलीटर द्रावण 80 मिलिमोलरचं करायचंय, त्यासाठी डेकॅनोइक ॲसिड 1.38 ग्रॅम मोजा. साधारण 80 मिली डिस्टिल्ड पाण्यात टाका, पाणी 40 अंशांच्या आसपास ठेवा म्हणजे ॲसिड वितळून तेलासारखं वर तरंगेल. आता स्टरर चालू ठेवून 1 मोलर सोडियम हायड्रॉक्साइड घालत जा, 8 मिलीला हिशोब बरोबर जुळतो पण थोडं जास्त लागतं, पीएच 10 च्या वर गेला आणि द्रावण पाण्यासारखं नितळ दिसलं की थांबा. या नितळ द्रावणात काय आहे तर मायसेल्स, म्हणजे रेणूंचे बारीक गोळे ज्यात सगळ्या शेपट्या आत आणि डोकी बाहेर. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हा साबणच आहे. गोळ्याच्या आत पाणी नाही, त्यामुळे पेशीच्या दृष्टीने त्याचा काही उपयोग नाही.

यानंतरची पायरी हळू करायची. हायड्रोक्लोरिक ॲसिड थेंब थेंब घाला, स्टरर जोरात, तापमान 30-40 अंश. सुरुवातीला पीएच भराभर उतरेल, मग एका जागी अडकल्यासारखा होईल, तुम्ही ॲसिड घालताय आणि पीएच 8 ते 7 च्या मध्ये रेंगाळतोय असं दिसेल, आणि त्याच वेळी द्रावण धुरकट व्हायला लागेल. पीएच 7.2-7.3 च्या आसपास आला की थांबा, तोपर्यंत साधारण 4 मिली ॲसिड गेलेलं असेल, म्हणजे घातलेल्या सोडियम हायड्रॉक्साइडच्या निम्मं. मग पाणी घालून 100 मिली करा, पीएच परत बघा, अर्धा तास मंद ढवळत ठेवा. झालं, बाटलीत आता फुगे आहेत, ज्यांना व्हेसिकल्स म्हणतात, आत पाणी, बाहेर पाणी आणि मध्ये रेणूंचा दोन पदरी पापुद्रा.

निम्मंच का, हे समजून घ्या कारण सगळा विषय यावर उभा आहे. एकटा डेकॅनोइक ॲसिडचा रेणू पाण्यात असताना पीएच 5 च्या आसपासच आपला प्रोटॉन सोडायला लागतो. पण असे खूप रेणू शेजारी शेजारी दाटले की प्रत्येक डोक्यावर ऋण भार येणं अवघड होतं, भार एकमेकांना ढकलतात, त्यामुळे प्रोटॉन सोडायचा बिंदू वर सरकून 7 च्या जवळ येतो. तिथे अर्धे रेणू प्रोटॉनसकट असतात, अर्धे प्रोटॉनशिवाय, आणि अशी एक-एक जोडी हायड्रोजन बंधाने जुळते. म्हणजे दोन शेपट्यांचा एक रेणू असावा तसं ते वागतं, आणि दोन शेपट्यांच्या रेणूला गोळ्यापेक्षा पापुद्रा सोयीचा पडतो. पीएच वाढवला की सगळी डोकी भारित होऊन परत मायसेल्स, पीएच 6.5 च्या खाली नेला की भार संपून तेलाचे थेंब. मधला पट्टा जेमतेम एका पीएचएवढा. 1973 मध्ये गेबिकी आणि हिक्स यांनी ओलेइक ॲसिडपासून असे फुगे बनतात हे दाखवलं, 1978 मध्ये हारग्रीव्ज आणि डीमर यांनी इतर एका शेपटीच्या रेणूंवर ते नेलं, तोपर्यंत आवरण म्हणजे फॉस्फोलिपिडच असं सगळे धरून चालले होते.

खरंच फुगे झाले का ते ओळखणं

नुसतं धुरकट दिसलं म्हणून खूश होऊ नका, तेलाचे थेंबही धुरकटच दिसतात. उजेडासमोर धरल्यावर निळसर झाक असेल तर बारीक व्हेसिकल्सचं चांगलं लक्षण, दुधासारखं पांढरं होऊन वर तेलाची कड जमत असेल तर पीएच खाली गेलाय, आणि चमकणाऱ्या सुया दिसल्या तर द्रावण थंड पडून ॲसिडचे स्फटिक झालेत, परत गरम करा.

मायक्रोस्कोपखाली एक थेंब घ्या, 400 पट मोठं करून बघा. तेलाचा थेंब भरीव आणि चकचकीत दिसतो, व्हेसिकलची फक्त कड दिसते आणि आतला भाग बाहेरच्या पाण्यासारखाच करडा. रोडामिन असेल तर कामच सोपं, व्हेसिकलचं कडं चमकतं आणि थेंब पूर्ण चमकतो. बरेचसे फुगे एक मायक्रॉनपेक्षा लहान असतात, ते नुसते थरथरणारे ठिपके वाटतील, मोठे शोधावे लागतात, जरा धीर धरा.

यापुढची चाचणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. एक मिली द्रावण घेऊन त्यात त्याच पीएचचं पाणी नऊ मिली घाला. थोड्या वेळात द्रावण नितळ होईल, फुगे गायब. डेकॅनोइकला फुगे टिकवायला साधारण 20 ते 40 मिलिमोलर एवढी दाटी लागते, त्याखाली गेलं की रेणू सुटे होऊन पाण्यात निघून जातात. म्हणजे अख्ख्या समुद्रात थोडंसं फॅटी ॲसिड मिसळलं आणि त्यातून पेशी झाली हे चित्र चालत नाही, रेणू एका जागी दाट होतील अशी जागा हवी. आटत जाणारं डबकं, खडकातली भेग, तापलेल्या झऱ्याची कड, असं काहीतरी. लॅबमध्येही हे विसरून चालत नाही: फुगे धुवायचे असतील, गाळायचे असतील, कॉलममधून (आकारानुसार रेणू वेगळे करणाऱ्या नळीतून) न्यायचे असतील, तर प्रत्येक वेळी वापरायच्या पाण्यातही तेवढंच फॅटी ॲसिड घातलेलं असायला हवं, नाहीतर फुगे वाटेतच विरघळतात आणि आपण कॉलमला दोष देत बसतो.

फुग्याच्या आत काहीतरी भरणं

रिकाम्या फुग्याला पेशी म्हणता येत नाही. आत रेणू अडकवायची सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे वाळवणं आणि परत भिजवणं. व्हेसिकल्सच्या द्रावणात आवरणातून सहज न जाणारा एखादा रंग मिसळा, पायरानिन चांगला, काचेच्या स्लाईडवर थेंब ठेवून 50-60 अंशांना पूर्ण वाळू द्या, मग त्याच पीएचचं पाणी थोडंसं घालून भिजवा. वाळताना फुगे फुटून एकमेकांत मिसळतात आणि पापुद्र्यांच्या चळती होतात, रंगाचे रेणू त्या चळतींच्या मध्ये दाबले जातात. पाणी मिळालं की चळतीतून नवे फुगे सुटतात आणि रंग आत अडकलेला असतो. भिजवतानाच मायक्रोस्कोपखाली बघत राहा, कडेने नळ्या वळवळत बाहेर येतात आणि त्यातून गोल सुटतात, हे दृश्य चुकवू नका! डीमर आणि बार्चफेल्ड यांनी 1982 मध्ये याच पद्धतीने डीएनए आत भरून दाखवलं होतं, त्यांनी फॉस्फोलिपिड वापरलं होतं पण तत्त्व तेच. जुन्या पृथ्वीवर डबकं दिवसा आटणं आणि पावसाने किंवा झऱ्याच्या उसळीने भरणं रोजचंच असणार, त्यामुळे ही पायरी मला अजिबात ओढूनताणून आणलेली वाटत नाही.

दुसरी युक्ती मातीची. माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती, ज्वालामुखीची राख पाण्यात मुरून तयार होते. 2003 मध्ये हँझिक, फुजिकावा आणि शोस्टाक यांनी दाखवलं की ही माती थोडी जरी टाकली तरी मायसेल्सपासून व्हेसिकल्स बनायचा वेग साधारण 100 पट वाढतो, आणि मातीच्या कणाला आरएनए चिकटवलेला असेल तर तो कणासकट फुग्यात जातो. करून बघायचं तर पीएच उतरवायच्या ऐन वेळी एका बीकरमध्ये मातीची चिमूट टाका, दुसऱ्यात काही टाकू नका, दोन्हीचा धुरकटपणा स्पेक्ट्रोफोटोमीटरवर 400 नॅनोमीटरला दर मिनिटाला नोंदवा. मातीचा स्वतःचा गढूळपणा वजा करायला विसरू नका.

क्षार घातल्यावर काय होतं

आता खरी अडचण. चांगल्या झालेल्या व्हेसिकल्सचे छोटे भाग करून त्यात मॅग्नेशियम क्लोराइड थोडं थोडं वाढवत घाला. काही मिलिमोलर गेल्यावर पांढरे गठ्ठे दिसायला लागतात, मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे दुहेरी भार दोन-दोन फॅटी ॲसिडना धरून बसतात आणि सगळं खाली बसतं. जड पाण्यात साबणाचा फेस येत नाही त्याचं कारण हेच, आणि नळाचं पाणी नको म्हटलं तेही यामुळेच. आजच्या समुद्रात मॅग्नेशियम 50 मिलिमोलरच्या वर आणि कॅल्शियम 10 च्या आसपास आहे. नुसतं साधं मीठही जास्त झालं तर फुगे एकमेकांना चिकटून गोळा होतात.

यावरूनच दोन तट पडलेत. एका बाजूला डीमर आणि डेमर, त्यांचं म्हणणं जमिनीवरच्या गरम झऱ्यांच्या गोड्या पाण्यात सुरुवात झाली. 2018 मध्ये त्यांच्या गटाने अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यांचं पाणी आणि समुद्राचं पाणी यांची तुलना केली, तेव्हा झऱ्याच्या पाण्यात फुगे झाले, समुद्राच्या पाण्यात झाले नाहीत. दुसऱ्या बाजूला समुद्रतळावरच्या अल्कधर्मी उष्ण झऱ्यांवाले, 2000 साली अटलांटिक महासागरात सापडलेलं लॉस्ट सिटी त्यांचं आवडतं उदाहरण. तिथे पीएच 9 ते 11, म्हणजे शुद्ध डेकॅनोइकचे फुगे शक्यच नाहीत. पण 2019 मध्ये शॉन जॉर्डन, निक लेन आणि सहकाऱ्यांनी 10 ते 15 कार्बनची ॲसिड्स आणि अल्कोहोल एकत्र मिसळली, आणि 70 अंशांना, खाऱ्या पाण्यात, पीएच 12 च्या आसपाससुद्धा फुगे मिळाले.

मला यातून जे दिसतं ते असं की अडचण शुद्धतेमुळे तयार होते. आपण बाटलीतून एकच रेणू काढतो, तो हट्टी निघतो आणि मग आपण म्हणतो की आवरण नाजूक आहे. भेसळ करून बघा. डेकॅनोइक 10 भाग असेल तर डेकॅनॉल, म्हणजे त्याच 10 कार्बनची अल्कोहोल, 1 भाग, आपल्या 100 मिलीला साधारण 0.13 ग्रॅम, सोडियम हायड्रॉक्साइडच्या पायरीलाच घाला आणि पुढचं सगळं तसंच करा. फुगे कमी दाटीतही टिकतात आणि पीएचचा पट्टा वरच्या बाजूला रुंदावतो, अल्कोहोलचं प्रमाण वाढवलं की पीएच 10 च्या पुढेही टिकतात, कारण आता प्रोटॉन गेलेल्या ॲसिडला जोडीला अल्कोहोल मिळतं. ग्लिसरॉल जोडलेलं डेकॅनोइक मिसळलं तर मॅग्नेशियमही बऱ्यापैकी सहन होतं.

बरं, भेसळ फक्त तेलकट रेणूंचीच हवी असंही नाही. सारा केलर यांच्या गटाने 2013 मध्ये दाखवलं की ॲडेनिनसारखे न्यूक्लिओबेस, म्हणजे आरएनएचे घटक, डेकॅनोइकच्या आवरणाला चिकटतात आणि मिठाने गठ्ठे होणं कमी करतात, रायबोज साखरही यात मदत करते, आणि 2019 मध्ये त्याच गटाने काही अमिनो ॲसिड्स मॅग्नेशियमपासून आवरण वाचवतात हे दाखवलं. म्हणजे आरएनएचे आणि प्रोटीनचे जे कच्चे तुकडे, तेच आवरणाला आधार देतात, आणि आवरण त्यांना एका जागी जमवतं. आधी आवरण की आधी आरएनए हे भांडण मला त्यामुळे फारसं पटत नाही, दोघं सुरुवातीपासून एकत्रच असण्याची शक्यता जास्त वाटते. सायट्रेटचीही एक वाट आहे, अदामाला आणि शोस्टाक यांनी 2013 मध्ये 50 मिलिमोलर मॅग्नेशियमला 200 मिलिमोलर सायट्रेटने धरून ठेवलं, फुगेही टिकले आणि आत आरएनएची नक्कल होण्याची क्रियाही चालली. पण एवढं सायट्रेट त्या काळी कुठून आलं असेल हा प्रश्न राहतोच, म्हणून मी ती वाट दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो.

वाढ आणि विभागणी

यासाठी मात्र ओलेइक ॲसिड आणि 0.2 मोलर बायसिन बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), पीएच 8.5, लागेल. काही मायक्रॉनचे बहुपदरी फुगे घ्या, त्यात ओलेइकची अल्कधर्मी मायसेल्स घाला. टिंग झू आणि शोस्टाक यांनी 2009 मध्ये बघितलं की असा फुगा गोल राहून फुगत नाही, त्याला आधी बारीक शेपटी फुटते आणि मग अख्खा फुगा लांब धाग्यासारखा होतो. कारण सोपं आहे, पापुद्रा पटकन वाढतो पण आतलं द्रव त्या वेगाने वाढत नाही. अशा धाग्याला हलका झटका दिला, म्हणजे स्लाईड हलवली किंवा कव्हरस्लिपवर फुंकर घातली, की त्याचे तुकडे होऊन छोटे फुगे तयार होतात आणि आतला माल बराचसा आतच राहतो. कुठलंही प्रोटीन नाही, डीएनए नाही, फक्त खाद्य आणि लाट. हे स्वतः बघेपर्यंत मला विभागणी ही फार गुंतागुंतीचीच गोष्ट असणार असं वाटायचं.

फॉस्फोलिपिड कधी आलं यावरही बुडिन आणि शोस्टाक यांचं 2011 चं काम सुंदर आहे. ज्या फुग्यात थोडंसं फॉस्फोलिपिड असतं त्यातून फॅटी ॲसिड बाहेर कमी निसटतं, त्यामुळे तो फुगा शेजाऱ्यांची फॅटी ॲसिड्स ओढून मोठा होतो, आणि जसजसं फॉस्फोलिपिड वाढतं तसं आवरण घट्ट होऊन बाहेरचं खाद्य आत येईनासं होतं, म्हणजे मग आत स्वतःचं रसायन चालवायची गरज पडते. हा भाग साध्या लॅबमध्ये जमणार नाही, त्याला फ्लुरोसन्सची खास मोजणी लागते.

ज्यांना मुख्य पद्धत जमलीये त्यांनी पुढे काय करावं तर 8, 10 आणि 12 कार्बनची ॲसिड्स आणि त्यांची अल्कोहोल वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून पीएच, मीठ आणि मॅग्नेशियम यांची एक तक्ता-चाचणी लावा, 12 कार्बनवाल्याला तापमान जास्त ठेवावं लागेल, 45-50 अंश. प्रत्येक मिश्रणासोबत शुद्ध डेकॅनोइकची एक बाटली तुलनेला ठेवा आणि मायक्रोस्कोपचा फोटो काढताना पीएच आणि तापमान त्याच क्षणी लिहून ठेवा, कारण द्रावण गार पडलं की दहा मिनिटांत चित्र बदलतं आणि नंतर कुठला फोटो कशाचा ते सांगता येत नाही.